परळमधला अर्धा तास

उत्तरायण संपलं तरी वडोदऱ्यातल्या झाडांवर आठवडाभर पतंग लटकलेले असतात. 2019 सालच्या 16 जानेवारीला रात्री मी आत्याला घेऊन स्टेशनवर निघाले, तेव्हा रिक्षात बसून ती तेच मोजत होती. "तो बघ, अकरावा. आणि तो लिंबाच्या झाडावर, बारावा." तेवढ्यात रिक्षा एका खड्ड्यात आदळली आणि मोजणं थांबलं. आत्याने डोळे मिटले, माझं मनगट घट्ट पकडलं आणि श्वास रोखून धरला. स्टेशन येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात राहून तिने 30 वर्षं शाळेत गणित शिकवलं. पाच वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि सगळं सुरळीत चाललं होतं. दिवाळीच्या साफसफाईत पाठ धरली म्हणून तिने महिनाभर बाम चोळला. तपासणी केली तेव्हा कळलं की आजार मणक्याच्या हाडांत पोहोचला आहे. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, "एकदा परळला दाखवून या."

आमच्यासारख्या घरांमध्ये 'परळला दाखवून या' या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बडोद्याहून, इंदूरहून, बेळगावहून, गोव्याहून माणसं मुंबईला येतात ती लग्नाला, नोकरीला किंवा परळला. मी तोपर्यंत पहिल्या दोन कारणांसाठीच मुंबई पाहिली होती.

दादरला पहाटे उतरलो. गाडगे महाराज धर्मशाळेत बाबांच्या ओळखीने जागा मिळाली होती. परळच्या रुग्णांची आणि त्यांच्या माणसांची तिथे अगदी कमी पैशांत सोय होते. आत शिरलं की पहिली नजरेत भरते ती स्वच्छता, आणि नंतर पिशव्या. प्रत्येक खाटेच्या दांडीला एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत फाईल, एक्स-रे, स्कॅन. कोणी विदर्भातलं, कोणी बिहारमधलं, कोणी बंगालमधलं. भाषा वेगळ्या, पण संध्याकाळी सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारायचे, "आज काय सांगितलं?"

टॅक्सीने दादरहून परळला जाताना आत्या खिडकीतून गिरण्यांच्या उरलेल्या चिमण्या शोधत होती. हॉस्पिटलसमोरच्या रस्त्याचं नाव डॉ. अर्नेस्ट बोर्जिस मार्ग. बोर्जिस मूळचे गोव्याचे, याच हॉस्पिटलात त्यांनी कॅन्सरच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या रस्त्यावर सकाळी आठ वाजता उभं राहिलं तर अर्धा भारत दिसतो. शहाळीवाला, औषधांची दुकानं, केस गेलेल्या बायकांसाठी रंगीत टोप्या विकणारा एक मुलगा, आणि फुटपाथवर चटई टाकून बसलेली कुटुंबं, कारण प्रत्येकाला धर्मशाळेत जागा मिळतेच असं नाही.

टाटा मेमोरियलची गोष्ट एका नवऱ्याच्या दुःखातून सुरू होते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, परदेशात उपचार घेत असताना. तसे उपचार आपल्याकडे मिळावेत असं दोराबजींच्या मनात होतं, पण पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने ते काम पुढे नेलं आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला हे हॉस्पिटल सुरू झालं. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. आत्याला ही माहिती मी रांगेत उभी राहून मोबाइलवरून वाचून दाखवली. तिने फक्त तारखांची वजाबाकी केली. "नऊ वर्षं लागली," ती म्हणाली.

तपासण्या झाल्यावर आम्हाला पॅलिएटिव्ह केअर विभागात पाठवलं. हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं, 'आता काही करण्यासारखं नाही' हेच सभ्य भाषेत सांगताहेत. तसं नव्हतं. उपचार चालू असतानाच वेदना, धाप, झोप, भीती यांकडे पाहणारा तो विभाग. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी 'संपूर्ण वेदना' ही कल्पना मांडली. हाड दुखतं ते दुखतंच, पण त्यात मनाची भीती, घरच्यांची काळजी, पैशाचा घोर आणि 'माझ्याच वाट्याला का' हा प्रश्नही मिसळलेला असतो. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986 साली सुरू झालं. पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली.

डॉक्टरांनी आत्याला विचारलं, "शून्य ते दहामध्ये दुखणं किती?"

"चार," आत्या म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली. आत्याने थोडा वेळ घेतला आणि गणिताची चूक कबूल करावी तशा आवाजात म्हणाली, "आठ."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडोदऱ्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या तिने घेतल्याच नव्हत्या. पाकीट कपाटात साडीखाली होतं. मॉर्फिन म्हणजे शेवटचं औषध, सवय लागते, माणूस गुंगीत पडून राहतो, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. त्याऐवजी नात्यातल्या एकाने पाठवलेला व्हिडिओ बघून ती पहाटे उठून अर्धा तास कपालभाती करत होती. त्या व्हिडिओत सांगितलं होतं की त्याने कॅन्सर मुळासकट जातो. दोन महिने माझ्या शेजारच्या खोलीत हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर मणक्याचं चित्र काढलं. आजाराने हाड ठिसूळ झालं आहे, पोटाला असे जोरात झटके देणं तुमच्यासाठी धोक्याचं, ते आजपासून बंद. श्वासाच्या कुठल्याही प्रकाराने गाठ विरघळत नाही. मॉर्फिन शेवटचं औषध नाही, तीव्र वेदनेचं औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेताना व्यसन लागणं क्वचितच होतं. गोळी घड्याळ लावून घ्यायची, दुखणं असह्य होण्याची वाट बघायची नाही. पोट साफ राहण्याचं औषध सोबत घ्यायचं, कारण बद्धकोष्ठ हमखास होतं. सुरुवातीची गुंगी बहुतेकांना काही दिवसांत कमी होते.

"म्हणजे श्वासाचा काहीच उपयोग नाही?" आत्याने विचारलं. तिचा चेहरा पडला होता. तिच्या हातातली एकच गोष्ट काढून घेतल्यासारखं तिला वाटलं असावं.

"आहे की," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी पोटात गेल्यावर गुण यायला अर्धा तास तरी जातो. त्या अर्ध्या तासाचं काय करायचं, ते आमची फिजिओथेरपिस्ट शिकवेल."

ती फिजिओथेरपिस्ट माझ्याहूनही लहान, कोल्हापूरकडची मुलगी होती. तिने आत्याला कुशीवर निजवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि काही न सांगता नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, कळ आली की तुम्ही दम धरता."

हे ऐकून मला आजोबा आठवले. आमचे आजोबा तरुणपणी प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात घडलेले. घरात कोणी पडलं, रडलं, घाबरलं की त्यांचं एकच वाक्य असायचं, "दम धर." त्याच आखाड्यात माणिकरावांकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे म्हणजे पुढे लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद. 1883 साली आमच्या शेजारच्या डभोईत त्यांचा जन्म झाला. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले. योगाने शरीरात नेमकं काय घडतं हे नुसतं मानायचं नाही, मोजायचं, असं त्यांनी ठरवलं आणि 1920 च्या सुमारास बडोद्याच्या दवाखान्यात उड्डियान आणि नौलीवर पहिले प्रयोग केले. 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. आजोबा हे सगळं घरच्या माणसाचं कौतुक सांगावं तसं सांगायचे. त्यामुळे श्वासावर आत्याची श्रद्धा होती ती त्या व्हिडिओच्याही आधीची. फक्त ती श्रद्धा धरण्यावर होती.

"आता सोडायला शिकायचं," मुलगी म्हणाली. "आत घेणं आपोआप होतं. लक्ष बाहेर सोडण्यावर ठेवा."

दुखलं की आपण श्वास रोखतो किंवा छातीच्या वरच्या भागातून भराभर उथळ श्वास घेतो. खांदे, मान, पाठ आवळली जाते. आवळलेले स्नायू आणखी दुखतात, दुखणं वाढलं की भीती वाढते आणि भीतीने श्वास आणखी तुटतो. हे चक्र मोडायचा सोपा रस्ता म्हणजे लांब उच्छ्वास. उच्छ्वास लांबला की नाडी थोडी मंदावते आणि शरीराला धोका टळल्याची खूण मिळते. हाडातलं कारण तसंच राहतं, पण त्यावर चढलेला भीतीचा थर उतरू शकतो. हा दिलासा माफक असतो आणि प्रत्येकाला सारखा मिळत नाही, हेही तिने आधीच सांगून टाकलं.

रीत अगदी साधी होती. एक हात पोटावर. नाकाने श्वास घ्यायचा, तीन आकडे मोजत. पोट हाताखाली हलकेच वर येतं. मग ओठांचा चंबू करून, बशीतल्या गरम चहावर फुंकर घालावी तसा, सहा आकडे होईपर्यंत सोडायचा. मध्ये रोखायचं नाही. सहा जमत नसतील तर चार. जोर लावायचा नाही. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर थांबायचं आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा. पाच मिनिटं करून विसावा, मग वाटलं तर पुन्हा.

आत्याने लगेच हिशेब केला. "एक श्वास साधारण 10 सेकंदांचा. मिनिटाला सहा. पाच मिनिटांचे 30. म्हणजे 30 श्वासांचा एक गठ्ठा." उत्तरपत्रिका तपासायच्या त्याच शब्दात ती श्वास मोजायला लागली, तेव्हा तीन महिन्यांत पहिल्यांदा मला माझी जुनी आत्या दिसली.

मग मुलीने मला बाजूला घेतलं. "तुम्ही काय करता, तिला कळ आली की?"

"सांगते, दीर्घ श्वास घे."

"सांगू नका. सोबत करा. तुमचा ऐकू येईल असा सोडा. ती ऐकून करेल."

त्या रात्री धर्मशाळेत दोन वाजता आत्या उठून बसली. मी गोळी आणि पाणी दिलं. घड्याळ पाहिलं. आजूबाजूला कोणी कण्हत होतं, कोणी घोरत होतं. मी तिच्या पाठीशी उशी लावली, तिचा हात हातात घेतला आणि फुंकर मारायला सुरुवात केली. पहिले चार-पाच श्वास तिला जमेनात. सहाव्याला ती माझ्या लयीत आली. एक गठ्ठा झाला. विसावा. तिला विचारलं, "किती?" "आठाचा सात," ती म्हणाली. फार नव्हतं. पण आठ आकड्याला ती एकटीच असायची आणि सातला माझ्याशी बोलली. दुसऱ्या गठ्ठ्याच्या मध्येच गोळीचा गुण यायला लागला. अडीच वाजून गेल्यावर तिने तीन बोटं वर केली आणि झोपली.

सकाळी शेजारच्या खाटेवरच्या रत्नागिरीकडच्या काकूंनी हळूच विचारलं, "रात्री तुम्ही दोघी काय फुंकत होतात?" त्यांच्या यजमानांना तोंडाचा कॅन्सर होता, ओठांचा चंबू करणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी नाकानेच सोडून पाहिलं. संध्याकाळी आत्या मास्तरीणबाईंच्या थाटात त्या दोघांचे आकडे मोजत बसली होती.

दोन दिवसांनी रेडिएशन झालं. मणक्याच्या दुखण्यासाठी एकाच वेळी द्यायचा डोस होता. त्वचेवर खुणा केल्या आणि तिला कडक टेबलावर उताणं निजवलं. सगळे बाहेर जातात, दार बंद होतं, हलायचं नाही. ज्या पाठीवर निजणं तिला दोन मिनिटं सोसत नव्हतं, त्याच पाठीवर. तंत्रज्ञांनी सांगितलं होतं की श्वास संथच ठेवा, फार खोल नको. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दोन गठ्ठेसुद्धा झाले नाहीत. मी उगाच घाबरले होते."

पुढचे दोन-तीन दिवस दुखणं उलट वाढलं. तसं होऊ शकतं हे आम्हाला सांगून ठेवलं होतं, म्हणून धीर राहिला. मग हळूहळू ते उतरलं. शेवटच्या दिवशी ती मला घेऊन दादरच्या फुलबाजारात गेली आणि शेवंतीची वेणी घेऊन आली, काकूंसाठी.

वडोदऱ्याला परतल्यावर खरी परीक्षा होती. मॉर्फिन प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन ते मिळणं सोपं झालं, तरी मान्यताप्राप्त संस्थेतून, चिठ्ठीवरच घ्यावं लागतं. महिन्याचा साठा संपायच्या आधी जायचं, हे मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवत असे. आत्या एका वहीत तीन रकाने करून लिहायची: गोळीची वेळ, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. श्वासाने एकट्याने तिचं दुखणं कधीही शून्यावर आलं नाही. नुसत्या गोळीनेही तिचं सगळं भागलं नाही. एका दुपारी दुसरा गठ्ठा झाल्यावर तिने स्वतःहून विषय काढला. ती आमच्यावर ओझं झाली आहे का, हे घर तिच्यानंतर विकणार का, तिची पुस्तकं कोणाला देणार. ते बोलणं झालं त्या रात्री तिने वहीत 'दोन' लिहिलं. गोळी तीच होती.

डिसेंबरमध्ये ती गेली, घरीच, स्वतःच्या खाटेवर. शेवटच्या रात्री मी सवयीने मोजायला लागले, पण तिचा श्वास माझ्या आकड्यांत बसत नव्हता. मग मी मोजणं सोडलं आणि नुसती शेजारी बसून राहिले. बाबा दुसऱ्या बाजूला होते.

आपल्या घरांमधल्या माझ्या वयाच्या मुलामुलींना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरात असं दुखणं आलं तर आकडा विचारा आणि उत्तर खरं आहे का ते चेहऱ्यावरून ताडून बघा. औषधाचं पाकीट कपाटात पडून नाही ना, तेही बघा. श्वासाचा साधा प्रकार डॉक्टरांना विचारून, दुखणं कमी असताना शिकून घ्या. कळ आल्यावर शिकायचं सुचत नाही. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक असे जोराचे प्रकार स्वतःच्या मनाने नकोत. आणि मणक्याचा आजार असलेल्या माणसाच्या पायांत अचानक अशक्तपणा आला, बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा कोणालाही एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, तर मोजत बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

गेल्या वर्षी कामासाठी मुंबईला गेले होते. दादरला दोन तास मोकळे होते, पाय आपोआप परळकडे वळले. टोप्या विकणारा मुलगा आता दिसला नाही, पण शहाळीवाला होता. फुटपाथच्या कठड्यावर एक तरुण त्याच्या वडिलांना धरून बसला होता. म्हाताऱ्याने डोळे घट्ट मिटले होते, जबडा आवळला होता आणि मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बाबा, लंबी साँस लो, लंबी साँस."

मी शहाळं घेतलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. "गोळी दिलीत?" मी विचारलं. त्याने मान हलवली, आत्ताच दिली होती.

"मग अर्धा तास आहे," मी म्हटलं. "तुम्ही सांगू नका. त्यांच्यासोबत करा." आणि आम्ही तिघे त्या रस्त्याकडे तोंड करून फुंकर घालत बसलो.